लाभपाचमेचं बटण

चहा घ्या आधी. माझी अक्कल कुठे पेंड खायला गेली होती, ते सांगतो.

सुरतेत साड्यांच्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो. सांभाळायचो म्हणा! कतारगामला मुख्य ऑफिस, बाकी शाखा शहरभर. प्रत्येक शाखेतला राउटर माझ्या स्क्रीनवर हजेरी लावतो. हिरवा ठिपका म्हणजे चालू, लाल म्हणजे संपर्क तुटला. शिवाय इथून एक बटण दाबलं की सगळ्या राउटरांना एकदम हुकूम जातो. खुर्चीतून उठायला नको!

हे मी शेठना इतक्यांदा ऐकवलं, की दिवाळीआधी त्यांनी विचारलं, "तो पछी हिंमतभाईनुं शुं काम?"

हिंमतभाऊ आमच्या धुळ्याकडचाच. नवागामला राहायचा आणि कंपनीच्या मोटरसायकलवर फिरून शाखांतली मशीनं बघायचा. आणि मी काय म्हणालो? "काहीच काम नाही, शेठ." जीभ कशी झडली नाही माझी!

हिंमतभाऊची नोकरी गेली आणि तो बायकापोरं घेऊन गावी परतला.

लाभपाचमेला धंद्याचा मुहूर्त. सगळ्या शाखांना नवीन सेटिंग पाठवायचं होतं. शेठ म्हणाले, बटण मुहूर्तावरच दाबायचं. खरी रीत अशी, की आधी एका राउटरवर करून बघायचं. पण पूजेचे महाराज घाई करत होते, "मुहूर्त जाय छे!" कॉम्प्युटरला कुंकू लागलं, नारळ फुटला, मी बटण दाबलं.

कतारगाम सोडून सगळे ठिपके लाल!

आणि शेठ काय म्हणाले माहितेय? "अरे वाह! आखी स्क्रीन कंकु जेवी! बहु शुभ!" कुंकवासारखी लाल म्हणे! टाळ्याच टाळ्या. त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. तोंडात पेढा असताना खरं कसं बोलणार? मी वर म्हणालो, "खास मुहूर्तासाठी केलंय, शेठ!"

मग फोन सुरू झाले. इच्छापोर बंद, नवागाम बंद. नव्या सेटिंगमध्ये मुख्य ऑफिसच्या नेटवर्क-पत्त्यातला एक आकडा मी चुकवला होता आणि आता एकही राउटर माझं ऐकत नव्हता. चूक जायला रस्ता होता, दुरुस्ती जायला नव्हता. प्रत्येक ठिकाणी माणूसच जायला हवा होता.

लाज गुंडाळून हिंमतभाऊला फोन लावला.

"भाऊ, येतोस का? सगळं बंद पडलंय."

"तुन्हं मशीन एकच जागावरथीन बठ्ठं करस ना? मंग कर ना, दादा!"

फोन ठेवला त्याने. एका जागेवरून सगळं होतं, हे मीच तर सांगत फिरलो होतो; काय चुकलं त्याचं?

शेठनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला आणि हिंमतभाऊच्या मोटरसायकलची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

तेव्हापासून शाखा मीच फिरतो. माझ्या खुर्चीत शेठचा भाचा बसतो. माझा मोबाइलही त्या स्क्रीनला जोडलाय; मी एका जागी थांबलो की माझा ठिपका लाल. ही कल्पना माझीच बरं का, हिंमतभाऊवर नजर ठेवायला काढलेली! कुठे लोचो खायला पाच मिनिटं थांबलो, की भाच्याचा फोन येतो, "पाटीलभाई, तमारुं टपकुं लाल थई गयुं!"

शुभ आहे, असं मात्र आता कोणी म्हणत नाही.