अकोटची गाडी येईपर्यंत

बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला मी दोन विषयांत नापास झालो, तेव्हा वडिलांनी आवाज चढवला नाही. ते वांग्याला पाणी देत होते. फावडं बाजूला ठेवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या खेपेले मागचं-पुढचं सगळं निघालं त ठीक. नाही त सामान बांधाचं अन् अकोल्याले मामाच्या घरी जाचं."

त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर परवडलं असतं.

अकोटजवळच्या आमच्या गावातून अमरावतीला शिकायला जायचं, हे मी घरात भांडून मिळवलं होतं. अकोला जवळ, तिथे कॉलेजं आहेत, शिवाय सख्खे मामा आहेत. पण खरं सांगायचं तर त्या मामांमुळेच मला अमरावती हवी होती. मामा गणिताचे निवृत्त मास्तर. पहाटे उठून प्राणायाम करतात आणि श्वास असा सोडतात की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. जेवताना वर्ग-घन विचारतात. पाहुण्यांना विचारतात, मामींना विचारतात, गॅस सिलिंडर आणून देणाऱ्यालाही विचारल्याचं माझ्या कानावर आहे. निकालाची बातमी कळल्यापासून दर रविवारी त्यांचा फोन यायला लागला. "काय भाचेबुवा, येता का मग इकडे? खोली रिकामीच आहे." मी म्हणायचो, "पाहतो मामा." आणि फोन ठेवल्यावर पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसायचो.

तर अमरावती वाचवायची होती. मी कामाला लागलो. म्हणजे आधी टाइमटेबल केलं. पाच रंगांची स्केचपेनं, मोठा कार्डशीट, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, रविवारी 'चिंतन'. ते पुरं व्हायला आठवडा गेला. भिंतीवर लावलं तेव्हा शेजारच्या खोल्यांतली पोरं फोटो काढून घेऊन गेली. त्यातले काही जण त्याप्रमाणे अभ्यासही करू लागले, असं नंतर कळलं. मी मात्र 'अभ्यास कसा करावा' याचे व्हिडिओ पाहत होतो. वेळ वाचावा म्हणून दुप्पट वेगाने. महिनाभराने अभ्यास कसा करावा यावर मी भाषण देऊ शकलो असतो. अभ्यास तेवढा राहिला होता.

आणि पोटाचं म्हणाल तर माझं पोट एसटीवर होतं. आमच्याकडे हे सर्रास चालतं. आई डबा भरते, वडील तो फाट्यावर अकोट-अमरावती गाडीत कंडक्टरच्या हवाली करतात, आणि पोरगा अमरावतीच्या स्टँडवर उभा राहून उतरवून घेतो. गाडीला यायला उशीर होतोच. त्यामुळे संध्याकाळी स्टँडवर आम्हा डबेवाल्या पोरापोरींची बरीच गर्दी असायची. मी खांबाआड उभा राहायचो. कारण वर्गात मी सांगितलं होतं की मी चांगल्या मेसमध्ये जेवतो.

आता बियाण्यांच्या कंपन्या शेतकऱ्यांना फुकट पिशव्या वाटतात. वर दोन बंद, खाली कपाशीचं टपोरं बोंड. वऱ्हाडात ज्याच्या घरी ही पिशवी नाही त्याच्या घरी एक तर शेती नाही, नाही तर त्याने ती शेजाऱ्याला दिलेली आहे. डबे याच पिशव्यांतून येतात, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्या दहा डब्यांतले सहा जुळे भाऊ असतात. इतके दिवस घोटाळा झाला नव्हता हेच नवल. तो मी केला.

खोलीवर येऊन डबा उघडला तर पुरणपोळी! मी थबकलो. आमच्या मळ्यात वांगी निघाली की डब्यात वांगीच असतात; भरीत, भाजी, काप, पुन्हा भरीत. आणि आज पुरणपोळी, वर तूप. मनात म्हटलं, माउलीला न सांगता कळलं, आपलं लेकरू खचलंय. मी रडत-रडत सगळ्या पोळ्या खाल्ल्या. मग हात धुऊन आईला फोन लावला.

"आई, पोळ्या लय मस्त झाल्या."

"कोन्या पोळ्या?"

"पुरणाच्या."

"बाप्पा! मी त वांगे देल्ले. कोनाचं खाऊन बसला रे पोट्ट्या?"

दुसऱ्या दिवशी ते कळलं. स्टँडवर एक मुलगी आमचा डबा घासूनपुसून हातात धरून उभी होती. मी ओळखलं. आमच्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची, अंजनगावची. त्याच गाडीने तिचाही डबा यायचा. खांब माझ्यापेक्षा अरुंद होता, त्यामुळे लपणं जमलं नाही.

"हे वांगे तुहे?" तिने विचारलं.

"हो."

"एका माणसाले इतके वांगे?"

"तू खाल्लेस?"

"मंग काय फेकू? भूक लागली होती. माह्या पोळ्या कुठं हायेत?"

मी पोटाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"सगळ्या?"

"मला वाटलं, आईने पाठवल्या."

"तू त मेसमंधी जेवतो म्हने." असं म्हणून ती एवढी हसली की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुही फिजिकल केमिस्ट्री राहिली ना? भरपाई कर. रोज गाडी येईपर्यंत मले एकेक टॉपिक समजावून सांगाचा."

"मी? तुला? अगं, मी नापास आहे."

"म्हनून त. मले पुढं शिकवाचं हाये. लोक नेमके कुठं चुकतात ते पाहाचं हाये. तुह्यापेक्षा चांगला नमुना कुठं भेटन?"

असा मी नमुना म्हणून रुजू झालो.

पहिल्या दिवशी एंट्रॉपी होती. मी छाती काढून व्याख्या म्हटली, इंग्रजीत, स्वल्पविरामांसकट. ती म्हणाली, "हे पुस्तकात हाये. तू काय समजला ते सांग." मी गाडी दिसते का ते पाहू लागलो. चांदूर बाजारच्या गाडीची वाट पाहणारी एक म्हातारी शेजारी गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सांग ना रे बाबू. माही गाडी बी यायची हाये, तेवढाच टाइमपास."

मग मी सुचेल ते बोलू लागलो. आमच्या मळ्यात संभार होतो, म्हणजे कोथिंबीर. त्याच्या जुड्या आई बांधते. बांधलेली जुडी बाजारात नेली की धक्क्याने सुटते, काड्या टोपलीभर पसरतात. सुटायला कुणी लागत नाही. पण पसरलेल्या काड्यांची आपोआप जुडी झाली, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. "म्हणजे पसारा आपोआप होतो, नीटनेटकं आपोआप होत नाही," मी म्हणालो आणि स्वतःच चकित झालो.

"सोळा आने खरं," म्हातारी म्हणाली. "माह्या घरी बी तसंच हाये. पसरवाले सगळे, उचलाले मी एकटी."

पण अंजनगाव, म्हणजे ती, सोडणार थोडीच. "मंग तुह्या आईनं जुडी बांधली, तवा पसारा कमी झाला. नियम मोडला का?"

मी डोकं खाजवलं. उन्हात बसून जुड्या बांधणारी आई आठवली. "आईला घाम येतो," मी हळूच म्हणालो. "ती तापते. तिची उष्णता बाहेर जाते. जुडीतला पसारा कमी झाला, पण भोवतालचा त्याहून जास्त वाढला." ती बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. "गाडी आली," एवढंच म्हणाली.

त्यानंतर गाडीला उशीर झाला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. हळूहळू बाकीचे डबेवालेही येऊन बसू लागले. तिवस्याचा एक जण गणित घेऊन यायचा, आणि मला येत नाही हे कळल्यावर स्वतःच सोडवून मला दाखवायचा. डबे उतरले की तिथेच बाकावर उघडले जायचे. माझ्या वांग्यांना लोक रांग लावायचे, हे मी आईला सांगितलं तर तिने वांगी दुप्पट पाठवायला सुरुवात केली. खांब मी सोडून दिला. अमरावतीत आल्यापासून मला खोकला झाला तरी कुणाला कळत नव्हतं. आता मी शिंकलो तरी चार जण काढ्याचे प्रकार सांगायचे.

परीक्षा आली. लेखी पेपर जेमतेम बरे गेले. मला कशाचीच खात्री नव्हती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर होते, मिशा पांढऱ्या, चेहरा निर्विकार. त्यांनी नेमकं एंट्रॉपीलाच हात घातला. इंग्रजी व्याख्या डोक्यातून अशी गेली, की जणू कधी आलीच नव्हती. डोळ्यांसमोर अकोल्याची ती रिकामी खोली. मी म्हणालो, "सर, संभाराची जुडी असते..."

"कशाची?"

"कोथिंबिरीची, सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. "बोला."

मी बोललो. आईच्या घामापर्यंत आलो, तेव्हा मिशा हलल्या. पण गुण हलले की नाही, हे मिशांवरून कळत नव्हतं.

निकालाच्या दिवशी वडील स्वतःच त्या गाडीने आले. हातात डबा आणि काखेत सुतळी, गादी बांधायला. स्टँडवरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर निकाल उघडत होतो. सगळे डबेवाले माझ्या खांद्यावर वाकलेले. पान उघडता उघडेना. उघडलं तेव्हा अंजनगावनेच आधी वाचलं. "निघालं सगळं. मागचं बी." आणि माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मोबाइल पडता पडता वाचला.

वडील सुतळीचं रीळ उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "आता मी काय करू? तुह्या मामाले सांगतलं, रातपर्यंत पोट्टा घेऊन येतो म्हनून."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. "पास झाला बुवा."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

"वा. उत्तम." आवाज मात्र तसा नव्हता. "मी टेबल आणून ठेवलं होतं. हिनं तर पडदे धुतले होते. असू दे. बरं झालं."

वडील माझ्याकडे बघू लागले, मी वडिलांकडे. ज्या घराला मी वर्षभर घाबरत होतो, तिथे कुणीतरी माझी वाट पाहत होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी फोन ओढून घेतला. "मामा, सुट्टी आहे. पंधरा दिवस येऊ का?"

"पुस्तकं घेऊन ये," मामा ताबडतोब म्हणाले. "आणि सतराचा घन सांग."