झमकूची मूळ पानं

ब्राह्मणपुरीत रतिलालआप्पांना सगळे ड्रॉइंग मास्तर म्हणूनच ओळखतात. त्याआधी ते मुंबईत चित्रकथा काढायचे, हे गावात फार थोड्यांना ठाऊक. १९६३ ते ७२ या काळात एका बालमासिकात दर महिन्याला त्यांची चार पानं यायची. तोरणमाळच्या रानात वाट चुकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या झमकू नावाच्या मुलीची ती कथा. मासिक बंद पडलं, आप्पा परतले आणि शहाद्याच्या शाळेत लागले. मूळ पानं छापखान्यातच राहिली. रद्दीत गेली असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

यंदा दिवाळीनंतर पुण्याहून नवनीत नावाचे संग्राहक आले. आप्पांची नात चेतना हिला ते इंटरनेटवर सापडले होते. त्यांनी ओट्यावर कापड अंथरून रद्दीतून मिळवलेलं झमकूचं एकेक मूळ पान मांडलं. छत्तीस पानं, मासिकातल्या पानांच्या दुप्पट मोठी. अक्षरांखाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा, चुकलेल्या नाकावर पांढरा रंग. आप्पा हात न लावता बराच वेळ बघत राहिले.

"शाई अजून काळीच आहे," एवढंच म्हणाले.

नवनीतांनी पेन पुढे केलं. "सर, पुण्यात प्रदर्शन भरवतोय. प्रत्येक पानामागे आपली सही हवी."

आप्पांनी पेन घेतलं आणि आत हाक मारली, "अवं, इकडे ये."

त्यांच्या पत्नी धनुबाई पदराला हात पुसत आल्या.

"आठे सही कर," आप्पा पानाकडे बोट करून म्हणाले. "झाडं तुन्हीच शेतस."

धनुबाई लाजल्या. "मी काय, तवय नुसता काया रंग भरू."

मग आप्पांनीच सांगितलं. मुंबईच्या त्या खोलीत माणसं ते काढायचे आणि त्यांच्यामागचं सगळं रान धनुबाई. सातपुड्याच्या पायथ्याचं त्यांचं माहेर, पान न् पान ओळखीचं. संपादकांना हे कधी सांगितलं नाही. "तेव्हा सुचलंच नाही," आप्पा खालमानेनं म्हणाले.

धनुबाईंनी पहिली सही हळूहळू केली, पुढच्या भराभर. सत्ताविसाव्या पानावर त्या थांबल्या.

"हाई महूनं झाड मन्हं नई. वाकडं शे."

"तू तवय माहेरले गयथी," आप्पा म्हणाले, आणि दोघंही हसत सुटले.

प्रदर्शनात पस्तीस पानांखाली दोन नावं होती. सत्ताविसाव्याखाली मात्र, धनुबाईंच्या आग्रहावरून, आप्पांचं एकट्याचं.