मायचा फोटो

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर कुणाशीही बोलताना आधी त्याला खिडकीकडे वळवत. पुरुष शिक्षकांची सरळ हनुवटी धरत, आम्हा बायकांची खुर्ची ओढत. मग एक डोळा बारीक करून म्हणत, “हां! आता तुमी तुमच्यासारखे दिसून राहिले.” शिपाई, पालक, तपासणीला आलेले साहेब, कुणाचीही सुटका नव्हती. पुसेगावच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, आणि माझी खुर्ची तर कायमची खिडकीत गेली होती.

माणूस तापट. मोबाइलवर फोटो काढून लगेच चेहरा गोरा करणाऱ्यांवर तर त्यांचा दातच होता. त्याला कारणही होतं. त्यांचे वडील वारले तेव्हा स्टुडिओवाल्यानं, जन्मभर धोतर नेसलेल्या त्या माणसाचं तोंड कुणाच्या तरी कोटावर चिकटवलं, रंग उजळला आणि मागं निळे ढग टाकले. सर तो फोटो दाखवून ओरडायचे, “ह्यो कोन बँक मॅनेजर बसवला माझ्या घरात? माझा बाप कुठाय?” वडिलांचा दुसरा फोटो नव्हता. मायचा होता तो फक्त ओळखपत्रावरचा, चोरी करताना धरल्यासारखा. माय नव्वदीकडे झुकलेली. तिची सुरकुती न सुरकुती येईल असा एक खरा फोटो ती असेपर्यंत काढायचा, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्यासाठी त्यांनी कॅमेरा स्वतः बांधला. जुन्या पलंगाचं सागवान रंधून पेटी केली. छत्रीच्या काळ्या कापडाचा, हार्मोनियमसारखा घड्यांचा भाता शिवला. नांदेडच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून भिंग आणलं. वारंगा फाट्यावरच्या गॅरेजमधून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणली आणि समोरचं दृश्य उमटावं म्हणून पेटीच्या मागची काच दुधी होईपर्यंत घासली. फिल्म एक्स-रेची, पाटीएवढी मोठी. स्टाफरूममध्ये टिंगल चालायची. “सर, यावरून कॉल लागतो का?” सर म्हणायचे, “लागतो. पन तुमच्यासंगं बोलायचं न्हाई त्याला.”

त्यांच्या गावी, साखऱ्याला, घराच्या अंगणात फोटो काढला त्या दिवशी मी होते. आधी मला खुर्चीवर बसवून त्यांनी मायला काच दाखवली. काचेत माणूस उलटं दिसतं. म्हातारी केवढ्यानं ओरडली, “अगं बया, मॅडम उलट्या टांगल्या की! पडतील ना!”

“कागदावर सुलट येतं, माय. बस आता. हलू नको.”

“श्वास घेऊ का न्हाई?”

“घे. पन हळू.”

ती अशी बसली की पदरसुद्धा हलला नाही. सरांनी भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले, झाकण लावलं. “झालं?” माय म्हणाली. “एवढ्यासाठी सुतारकी करून राहिला व्हता?” दुसरा फोटो घ्या, असं मी म्हटलं. सर म्हणाले, “आधी ह्यो धुऊन बघू.” धुण्याचं औषध नांदेडहून यायचं होतं. कॅमेरा आणि फिल्मची चपटी बंद पेटी त्यांनी शाळेच्या अंधाऱ्या सामानखोलीत ठेवली. औषध येण्याआधी माय झोपेतच गेली.

सर रजेवर असताना शाळेत साहेब आले. साहेब आले की कपाटं, पेट्या, सगळं उघडून दाखवायची आमच्याकडे रीतच आहे. मुख्याध्यापकांनी कॅमेरा व्हरांड्यात उन्हात आणला, आणि फिल्मची ती पेटीही. मी वर्गातून ओरडत धावले, “सर, ती उघडू नका! त्यात त्यांच्या आईचा फोटो आहे!” तोवर त्यांनी झाकण ओढलं होतं. फिल्म उलटसुलट करून म्हणाले, “कुठाय फोटो, मॅडम? कोरी आहे की.” साहेब हसले. धुण्याआधी फिल्म कोरीच दिसते आणि उजेड लागला की धुतल्यावर नुसती काळी निघते, हे मी तिथंच सांगितलं. “मग दुसरा काढायला सांगा त्यांना!” मुख्याध्यापक म्हणाले. आई वारली म्हणूनच सर रजेवर होते, आणि त्या रजेवर सही यांचीच होती. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना काही माहीत नसतं, आणि हात मात्र सगळीकडे पोचतो.

सर परत आल्यावर मीच सांगितलं. खडू मोडला तरी ओरडणारा तो माणूस ओरडला नाही. “पुरी उघडली?” एवढंच विचारलं. मग सामानखोलीत जाऊन, तोवर आलेल्या औषधात त्यांनी ती फिल्म तरीही धुतली.

पुढं सर बदली घेऊन गेले, मुख्याध्यापकांना वाजतगाजत निरोप मिळाला. माझा राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण त्याआधी, मायच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे साखऱ्याला गेलो होतो. बुद्धमूर्तीशेजारी खुर्चीवर पांढरं कापड, त्यावर चौकटीत ती फिल्म. काळी कुळकुळीत. नातेवाईक कुजबुजत होते, पण फुलं वाहत होते. मुख्याध्यापक हार घेऊन आले, खुर्चीपुढं थबकले, इकडंतिकडं पाहू लागले.

“सर, आईंचा फोटो कुठे आहे?”

“ह्योच हाय,” सर शांतपणे म्हणाले. “अर्धा मी काढला, अर्धा तुमी. घाला हार.”