दार उघडलं आणि बाहेर

माझ्या आत्याच्या शिवणाच्या दुकानात माप देताना गप्प उभं राहायची सोय नाही. कारण अगदी व्यवहारी आहे. अंगाला टेप लागली की माणूस पोट आत घेतो, छाती बाहेर काढतो आणि स्वतःलाच सलामी देत असल्यासारखा उभा राहतो. कपडा त्या शूरवीराच्या मापाचा शिवला जातो आणि घालायला येतो मूळचा माणूस. मग बटणं तुटली की बोंब आत्याच्या नावाने. म्हणून तिनं युक्ती काढली. टेप गळ्यात, टाचण्या ओठांत, आणि समोरच्याला एकच प्रश्न: "हल्ली काय वाचताय?"

पुस्तकाबद्दल बोलायला लागलं की माणूस पोट विसरतो. तेवढ्यात आत्या माप घेऊन मोकळी.

बेकरीवाले काका रहस्यकथा वाचतात आणि खुनी कोण ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. बाकावर बसलेले लोक त्यांच्यावर धावून जातात. "अहो, मी आत्ताच आणलंय ते ग्रंथालयातून!" "मग काय झालं? मेला तो मेलाच ना!" बँकेतल्या मॅडम मात्र कायम कुठल्या तरी जाडजूड इतिहासाचं नाव घेतात आणि ते घेताना श्वास रोखून धरतात. आत्या त्यांच्या कमरेला दोन बोटं सैल सोडते. विचारलं तर म्हणते, "थापेला वेगळं कापड लागतं गं."

या सगळ्यांच्या नकला मी करते. घरी त्याला माकडचाळे म्हणतात, दुकानात "परत एकदा करून दाखव" म्हणतात. म्हणून मी दुकानातच पडीक असते.

ही पुस्तकांची खोड आत्याला आतोबांनी लावली. आतोबा पाट्या रंगवायचे. आत्या लग्नाआधी ज्या दुकानात काजं करायची, तिथली पाटी रंगवायला ते आले आणि आठवडाभर शिडीवरून उतरलेच नाहीत. "एका पाटीला आठवडा?" असं मालकाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "अक्षरं अवघड आहेत." खालच्या खिडकीत आत्या बसायची, हे मालकाच्या फार उशिरा लक्षात आलं. पुढे आत्याचं स्वतःचं दुकान झालं, त्याचीही पाटी त्यांनीच केली. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, शेवटची दोन एकमेकांच्या मांडीवर. "जगाच्या पाट्या मोजूनमापून आणि बायकोची अंदाजपंचे!" आत्या म्हणायची. त्यावर आतोबा, "अगं, तुझ्या नावापाशी येईतो ऊर भरून आला, फळी संपली."

दुपारी दुकान बंद ठेवून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि वाचून दाखवायचे. आत्याला वाचता येतं, पण हात रिकामे कुठे? ती मशीन चालवायची, ते आवाज चढवायचे. ती काजं करायला घ्यायची, ते हळू व्हायचे. वाचायचे मात्र पाटी रंगवल्यासारखं. ओळ संपली की थांबायचे, वाक्य संपो न संपो. मग घसा खाकरायचा, "हं, तर," म्हणायचं आणि पुढची ओळ. "तो म्हणाला, मी तुझ्यावर..." थांबणं, खाकरणं, हं तर, "...खटला भरीन." आत्या हसून हसून टाका चुकायची.

शेवटचं पुस्तक समुद्रावर गेलेल्या एका माणसाचं होतं. सगळे म्हणतात तो बुडाला. बायको म्हणते, नाही. एके दिवशी तिच्या दारावर थाप पडते. ते पान असं संपतं: तिनं कडी काढली, दार उघडलं आणि बाहेर.

तेवढ्यात दुकान उघडायची वेळ झाली. आतोबांनी पानात अस्तराची एक पट्टी घातली आणि म्हणाले, "हं, तर. उद्या." त्या रात्री झोपले ते उठले नाहीत.

त्याला आता वर्ष झालं. पुस्तक खिडकीतच आहे. त्याला हात लावायचा नाही. धूळसुद्धा आत्या फुंकरीने उडवते. आतोबांचा कोट तिनं तेव्हा शिवायला घेतला होता. एकच बाही लागलेला, कच्च्या टाक्यांचा तो कोट खुर्चीशेजारच्या लाकडी धडावर तसाच चढवलेला आहे. पंखा लावला की ती बाही हलते. सगळी नाही, कोपरापासून खाली. बेकरीवाले काका त्या बाजूला बसत नाहीत, उगाच "उजेड डोळ्यांवर येतो" म्हणतात.

आत्याच्या प्रश्नाला आता एक शेपूट आलं आहे: "हल्ली काय वाचताय? समुद्राचं नाही ना?" आणि दुपारी दारावर थाप पडली की तिचा पाय पायडलवर थांबतो. टपालवाला असतो, दूधवाला असतो. पण दार उघडेपर्यंत ती कुणाचंही नाव घेत नाही. एकदा मी म्हटलं, "आत्या, एक पान तर आहे, उलटून टाक." ती म्हणाली, "पान उलटलं नाही तोवर बाहेर कोणीही असू शकतं."

परवा दातांचे डॉक्टर कोटाचं माप द्यायला आले. डॉक्टर नाकात बोलतात आणि समोरच्याने आ केलाच आहे असं धरून बोलतात. आत्याच्या ओठांत टाचण्या होत्या, दोन्ही हात त्यांच्या बाहीला. शेपूट विचारायचं राहून गेलं.

"हल्ली? काय सांगू बाई, झोप उडवलीय एका पुस्तकानं! नवरा समुद्रावर गेलेला. सगळे म्हणतात बुडाला..."

आत्या जोरजोरात मान हलवायला लागली. डॉक्टरांना वाटलं, रंगली गोष्ट.

"...आणि दारावर थाप! ती कडी काढते, दार उघडते, बाहेर बघते तर..."

मला "डॉक्टर, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि आधी घसा खाकरला गेला.

"हं, तर," माझ्या तोंडून आलं. "उद्या."

पंख्याशिवाय दुकानात काही हललं नाही. आत्याच्या ओठांतल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. बाकावर बसलेले बेकरीवाले काका उभे राहिले आणि पुन्हा बसायचं विसरले.

"कोण बोललं?" डॉक्टरांच्या नाकातून आवाज निघेना.

"मी," मी म्हटलं. माझा स्वतःचा आवाज त्यापुढे अगदीच पाप्याचं पितर वाटला.

"छे. त्यांची कवळी मी बसवली होती. तो आवाज मी ओळखतो." खुर्चीकडे न बघता ते निघून गेले. त्यांच्या एकाच हाताचं माप झालं होतं.

दुपारी आत्यानं दाराला आतून कडी घातली. पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं आणि खुर्ची दाखवली.

"वाच. त्यांच्या आवाजात."

"आत्या, नको गं."

"एरवी शेजारच्या कुत्र्यालाही सोडत नाहीस!"

"कुत्रा जिवंत आहे."

ती हसली नाही. "आज डॉक्टर थांबले. उद्या कोणी तरी माझ्या तोंडावर सांगून मोकळा होईल. मला ते दुसऱ्याच्या तोंडून नाही ऐकायचं."

"आणि बाहेर कोणी नसलं तर?"

ती मशीनवर जाऊन बसली आणि पायडल मारायला लागली. मशीनखाली कापड नव्हतं.

मी पट्टी काढली, पान उलटलं, आवाज चढवला.

"हं, तर. कोणी नव्हतं. पायरीवर त्याचे..." थांबले. खाकरले. "...बूट होते, शेजारी शेजारी, आणि ते..." थांबले. "...कोरडे होते."

मशीन थांबली.

मी वाचत राहिले. नक्कल करताना एक मजा असते, आपण दोरी धरलेली असते. इथे दोरी माझ्या हातात नव्हती. मी न ठरवता खाकरत होते. ओळ संपायच्या आधीच घसा आपला आपण तयार होत होता. शेजारी ती बाही हलत होती आणि पंखा तर आम्ही बंद केला होता. खिडकी उघडी असेल. मी बघितलं नाही.

मग पाठीला टेप लागली.

"श्वास रोखू नकोस," आत्या मागून म्हणाली. "उभी राहा. वाचा तुम्ही."

तुम्ही! तरी आतोबांचा आवाज मला सोडेना. ती एकेक माप पुटपुटत होती, छातीचं, कमरेचं. ती माझी मापं नव्हती. टेप माझ्याभोवती सैल लोंबत होती आणि ती जुने आकडे तोंडपाठ म्हणत होती. बायको बूट उचलून घरात आणते, चुलीपाशी ठेवते, असं मी वाचत होते. टेप खांद्यावर आली. एका खांद्यावरून निघाली, दुसरा खांदा संपला तरी पुढे गेली आणि तिचं टोक हवेत राहिलं.

आत्या ते टोक हवेत धरून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "हे त्यांचे खांदे नाहीत."

"नाहीत गं," मी म्हटलं, कुठल्या आवाजात ते मला सांगता येणार नाही.

तिनं डोळे पुसले ते टेपच्याच टोकानं. लाकडी धडावरचा कोट उतरवला आणि माझ्या अंगावर चढवला. मी त्यात बुडालेच. तिनं खांद्यावर खडूने रेघ मारली, माझ्या खांद्याची.

"पुढचं तुझ्या आवाजात वाच."

"तो मला नीट येत नाही."

"कच्चा आहे, येईल. आणि सरळ उभी राहा, पोक काय काढतेस! कोट वाकडा होईल."

मी घसा खाकरणार होते. खाकरला नाही. ओळ संपली तरी न थांबता पुढे गेले, आणि पाठीमागे कात्रीनं कोटाच्या जाड कापडाला पहिला चावा घेतला.