रविवारचा बांध

वडखळच्या खाली खाडीच्या अंगाला असलेल्या त्या गावात पुंडलिकाइतका कडक रविवार पाळणारा दुसरा ख्रिस्ती माणूस नव्हता. चुलीत घालायचं लाकूड शनिवारी फोडलेलं, दाढी शनिवारी केलेली, आणि फावडा तर रविवारी डोळ्यांसमोरसुद्धा नको. देवळात पहिल्या बाकावर तोच, प्रार्थनेला उभा राहणारा तोच, आणि आवाज असा की बाहेरून जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकायचा. मंडळीनं त्याला वडील, म्हणजे देवळाचा पुढारी, नेमलं ते काही उगाच नाही. पाळकसाहेब रोह्याहून महिन्यातून एकदाच यायचे. बाकीचे रविवार पुंडलिकाच्या जिवावर चालायचे.

आणि त्याची साक्ष, देवानं आपल्याला कसं राखलं ते चारचौघांत सांगायची! अहो, ती पेणच्या संमेलनातसुद्धा झाली होती. गावातली शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि खाडी आणि भात यांच्यामध्ये आडवा काय तो मातीचा बांध. उधाण आलं की ज्यानं त्यानं आपापल्या शेतासमोर बांधावर उभं राहायचं आणि खेकड्यांनी पाडलेली बिळं चिखलानं बुजवायची. एखादं बीळ राहिलं तर पाणी त्यातून शिरतं, माती कुरतडतं आणि बघता बघता बांध फुटून खांड पडते. खारं पाणी एकदा आत आलं की त्या शेतात काही वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. पुनवे-अवसेचं उधाण यायचं भर दुपारी. असा दिवस रविवारी आला की बाकीचे ख्रिस्ती शेतकरी कुणातरी गड्याला बांधावर उभा करून मग उपासनेला यायचे. पुंडलिक कुणालाच ठेवायचा नाही. "राखणारा वर आहे," म्हणायचा. आणि त्याच्या बांधाला खरंच कधी खांड पडली नव्हती. ही साक्ष ऐकून पेणमध्ये बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

आता खरं काय ते ऐका. पुंडलिकाला पाण्याची भीती होती. साधीसुधी नव्हे. लहानपणी भरतीच्या ओढीत सापडला होता, लोकांनी केसांना धरून बाहेर काढला, तेव्हापासून पाणी बांधाला टेकलं की त्याला तिथं उभं राहवायचं नाही. इतर दिवशी गुडघे दुखतात म्हणून तो बायकोला, सगुणाला, बांधावर धाडायचा. रविवारी ती सोय नव्हती, कारण वडिलांची बायको देवळात हवी. मग रविवारी त्याचा बांध राखायचं कोण? शेजारच्या शेताची धोंडुबाय. त्याच मंडळीतली विधवा, त्याच्यापेक्षा वयानं मोठी, तोंडानं फटकळ. ती आपली बिळं बुजवायची आणि मग त्याची. "कुणाला बोलू नको गो," एवढंच त्यानं एकदा सांगितलं होतं. "बरं," म्हणाली आणि कधीच बोलली नाही.

लोकांना दिसायचं ते वेगळंच. उधाणाचा रविवार आला की धोंडुबाय देवळात नाही, फावडा घेऊन बांधावर! आषाढात पाळकसाहेब आले तेव्हा मंडळीच्या पंचांनी हा विषय काढला. तिला उभं केलं. "बांध राखायला जाते," म्हणाली. कुणाचा ते सांगितलं नाही. फक्त एकदा पुंडलिकाकडे बघितलं. पुंडलिक भिंतीवरची पाल बघत बसला. मग ठरलं की धोंडुबायला प्रभुभोजन बंद, म्हणजे देवळात प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकर तिला नाही. त्याच दिवशी भाकरीचं ताट फिरवायचं काम पुंडलिकाकडे होतं. ती मागच्या बाकावर बसली होती. त्यानं ताट तिच्यासमोरून तसंच पुढं नेलं आणि शेवटी आपला तुकडा तोंडात टाकला.

मनात लबाडी ठेवून ती भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे त्यानंच मंडळीला वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. छातीत कळ आली की वाटायचं, आलं बोलावणं. जेवताना ठसका लागला की घाम फुटायचा. सगुणा विचारायची, "झालंय काय तुमाला?" तो म्हणायचा, पित्त.

मग श्रावणातली पुनव आली, आणि आली ती नेमकी रविवारी. आदल्या दिवशी धोंडुबाय कुंपणापाशी आली. "पुंडलिका, उद्याचं उधाण मोठं हाय. वारा बी खाडीवरून हाय. तुझ्या बांधाची चाळण झालीय बिळांनी. मी येकटी नाय पुरायची. घटकाभर ये."

"रविवार हाय गो," पुंडलिक म्हणाला.

ती तशीच माघारी वळली.

रविवारी देवळात पहिलं गीत झालं, दुसरं झालं. पुंडलिकाचं लक्ष गीतात नव्हतं. कौलांवरून वारा घोंघावत होता आणि त्याच्या मागं तो आवाज, भरतीचा, जो त्याला झोपेतसुद्धा ओळखू यायचा. आता पाणी बांधाच्या निम्म्यावर असेल. आता वर आलं असेल. हातातलं गीतांचं पुस्तक त्यानं मिटून बाकावर ठेवलं.

इतक्यात शेजारच्या आळीतला जनू चिखलानं माखलेला दारात आला आणि ओरडला, "पुंडलिकदादा, तुझ्या बांधाला खांड पडली! धोंडुबाय पाण्यात उभी हाय! माणसं हवीत, चला!"

सगळ्यांच्या माना पुंडलिकाकडे वळल्या. तो वडील. तो सांगेल ते खरं.

पुंडलिकाला उठायचं होतं हो! पण पायच हलेनात. आणि मग त्यानं जे आयुष्यभर केलं तेच केलं. "आपण प्रार्थना करू या," म्हणाला, डोळे मिटले आणि सुरू झाला. काय ते शब्द, काय तो आवाज! तो बोलत होता आणि आतून स्वतःलाच म्हणत होता, अरे लबाडा, ती बुडेल, ती बुडेल. तोंड मात्र थांबत नव्हतं. थांबलं तर जावं लागेल ना!

मध्येच पहिल्या बाकावरून कुणीतरी उठलं. आमेन व्हायच्या आत उठायची रीत नव्हती. बांगड्यांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं, सगुणा. देवळात कधी चारचौघांत एक शब्द प्रार्थना न केलेली सगुणा पदर खोचून चालती झाली. तिच्यामागं आणखी पावलं, आणखी पावलं. पुंडलिकानं डोळे उघडले तेव्हा देवळात तो एकटाच होता.

एकट्याला प्रार्थना येईना. एक शब्द सुचेना. कुणी ऐकायला नाही म्हटल्यावर देवाशी काय बोलायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि हे कळलं तसा तो पाण्याला भ्याला नव्हता इतका भ्याला. बाकाला धरून उभा राहिला आणि रडत रडत बाहेर पळाला.

बांधावर माणसं खांडीत एकमेकांच्या हातात हात गुंतवून उभी होती, पाठीनं पाणी अडवून. मागची माणसं पेंढा आणि चिखलाचे गोळे टाकत होती. मधोमध धोंडुबाय, पाणी छातीला. पुंडलिक काठावर आला आणि त्याला वांती झाली. तरी उतरला. देवाशप्पथ, तो कसा उतरला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. पाणी पोटाला लागलं तसा तो लहान पोरासारखा ओरडला. धोंडुबायनं त्याचा हात घट्ट पकडला.

"ह्यो बांध माझा हाय," तो बोलायला लागला. "दर रविवारच्या उधाणाला हीच राखते. मी भितो म्हणून..."

"आता गप, पुंडलिका. नंतर बोल."

"नंतर माझ्याच्यानं व्हायचं नाय गो."

पाण्याच्या आवाजात कुणाला धड ऐकू गेलं नाही. रांगेच्या टोकाला सगुणा होती. ती म्हणाली, "काय म्हणालात? परत सांगा. मोठ्यानं."

त्यानं सगळ्यांकडे बघितलं. ही पंचमंडळी, हीच माणसं ज्यांनी त्याच्या साक्षीला माना डोलावल्या. त्यानं परत सांगितलं. बांध धोंडुबाय राखत होती, पेणची साक्ष खोटी होती, पंचांसमोर आपण गप्प बसलो, सगळं. मागून चिखलाचे गोळे येतच होते. बोलायला सवडच नव्हती.

ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली. धोंडुबाय आणि पुंडलिक, दोघांचाही निम्मा भात खारा झाला होता. माणसं घराकडे गेली. सगुणाही त्याच्याकडे न बघता गेली. पुंडलिक आणि धोंडुबाय चिखलात बसून राहिले.

"पंचांसमोर एक शब्द बोलली असतीस तर," तो म्हणाला, "तुझं प्रभुभोजन बंद नसतं झालं."

"आनि दुसऱ्या रविवारी तुला ह्या पाण्यावर उभा केला असता त्यांनी. तू भितोस ते मला ठाव व्हतं," धोंडुबाय हातापायाचा चिखल निपटत म्हणाली. "तुला हितं धाडून मी तितं बसून भाकर खायची? मला गेला असता व्हय रे तो घास?"

पुंडलिकाला तो गेला होता.