खिडकीतून दिसणारं मैदान

शेजारच्या मोठ्या कॉलेजात शिरताना मी गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. कोणी अडवलं नाही. तिथली हिरवळ, कँटीनची काचेची भिंत बघत बघत ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीत दोन मुली उभ्या होत्या. खाली आमच्या कॉलेजचं मैदान दिसत होतं. कडुनिंबाखाली पेपर अंथरून माझी मैत्रीण कुंदा एकटीच जेवत होती.

"ती बघ, हिरवी ओढणी," एक म्हणाली. "रोज दोघी असतात. आज जोडीदारीण पळाली वाटतं."

कुंदाने भाकरी मोडली. अर्धी माझ्यासाठी डब्यात ठेवून झाकण लावलं.

"बाई पार्सल नेतेय!" दोघी हसल्या. मीही हसले, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्यानेच.

आपली रोजची जागा माणसाने इतक्या उंचावरून पाहू नये. तिथून माया दिसत नाही, नुसती भाकरी दिसते.

दुसऱ्या दिवशी जेवायला कडुनिंबाखाली जाताना कुंदाने विचारलं, "कसं आहे गं तिकडे?"

"झाडं छान आहेत," मी म्हटलं. मग त्या खिडकीतून दिसणार नाही अशी बुंध्याआड बसले. कुंदाला समोर बसवलं, उघड्यावर.