लाल डोळ्यांचा फोटो

मला फ्लॅशचा मनापासून राग आहे. मोबाइलच्या पाठीवर लेन्सच्या अगदी शेजारी तो दिवा. उजेड थोबाडीत मारल्यासारखा समोरून येतो, चेहरे पिठासारखे पांढरे आणि डोळे लाल. आमच्या घरात फोटो काढायचे ते खिडकीपाशी, मी सांगेन तसेच. नवरा मला ‘प्रकाशमंत्री’ म्हणतो.

पण मुलीच्या बोरन्हाणाला चंदीगडच्या धुक्याने माझी खिडकीच पळवली. एयरोसिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी दिवे लावले होते. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने घालून वर्षाची पोर पाटावर बसली. डोक्यावर बोरं, चुरमुरे आणि शेजारच्या आंटीजींनी आणलेल्या लोहडीच्या रेवड्या. “इकडे बघ गं!” “बेटा, इधर!” सगळीकडून एकच गलका. त्यात नवऱ्याने मला न विचारता फ्लॅश मारला.

पाहुणे गेल्यावर मी तो फोटो डिलीट करायला घेतला. मुलीचा उजवा डोळा लाल होता. डाव्या डोळ्यातली बाहुली पांढरी होती.

“फ्लॅशमुळे असेल गं,” नवरा म्हणाला.

“फ्लॅश एकच ना? मग दोन डोळे दोन तऱ्हेचे कसे?”

फोटोतली अशी पांढरी बाहुली कधी कधी डोळ्यातल्या कॅन्सरच्या गाठीची खूण असते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते आठवलं. मी वर्षभराचे फोटो उघडले. सगळे माझ्या मऊ उजेडातले, सगळ्यांत डोळे काळेभोर. त्यातून काहीच कळेना. मग मी स्वतःच फ्लॅश लावून फोटो काढत सुटले. पोर डोळे मिटायची, तोंड फिरवायची, शेवटी तिने भोकाड पसरलं.

“बस कर! घाबरलीये ती.”

“सुरुवात तूच केलीस!” मी ओरडले. त्याचा काय दोष होता? पण कुणावर तरी ओरडायचं होतं.

ओळखीच्या एक मराठी बाई डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. त्यांना फोटो पाठवला. “सकाळी घेऊन या,” एवढंच उत्तर आलं. त्यांनी धीराचा एक शब्दही लिहिला नाही, म्हणून मी आणखी घाबरले.

सकाळी त्यांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. मग मी मुलीचं डोकं घट्ट धरलं आणि डॉक्टर तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बघत राहिल्या. उजवा डोळा झाला. डाव्याला फार वेळ लागत होता. नवरा दाराला टेकून उभा होता, त्याच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

“डोळे अगदी स्वच्छ आहेत,” त्या म्हणाल्या. “फोटोत ती बाजूला बघत होती. नाकाकडे वळलेल्या डाव्या डोळ्यात मागून नस जिथे शिरते, नेमका त्या फिकट जागेवर फ्लॅश पडला, म्हणून बाहुली पांढरी दिसली. आणलंत ते बरं केलंत. फोटोवरून मी तरी काय सांगणार होते?”

बाहेर धुकं तसंच होतं. गाडीशी पोचल्यावर पोर बापाच्या कडेवरून सरळ माझ्याकडे बघत होती. मी मोबाइल काढला आणि फ्लॅश मारला. थेंबांनी मोठ्या झालेल्या दोन्ही बाहुल्या लालभडक आल्या.

नवऱ्याने वाकून पाहिलं. “काय प्रकाशमंत्री, करू डिलीट?”

“हात तर लावून बघ,” मी म्हणाले, आणि तिथेच पार्किंगमध्ये मला रडू फुटलं.